पाचांचा विजय, एकाचे मानांकन

१

मराठीत 'गुण' हा एकच शब्द दोन कामे करतो. माणसाच्या अंगी असतो तो गुण, आणि उत्तरपत्रिकेवर लिहिले जातात तेही गुण. पहिला सहवासातून ओळखावा लागतो. दुसरे बेरीज करून हाती येतात. शब्द एकच असल्यामुळे दुसरे हे पहिल्याचे विश्वासू माप असले पाहिजे, असा समज आपल्या मनात नकळत रुजतो. निकालाच्या दिवशी घरोघर जे हसू आणि रडू होते ते ह्या समजापोटीच. 'मानांकन' ह्या शब्दात तर मान आणि अंकन एकत्रच नांदतात.

प्रस्तुत लेखात ह्या समजाचा एक छोटा इतिहास तपासायचा आहे. त्यासाठी निवडलेले क्षेत्र साहित्याच्या अभ्यासकांना काहीसे अनोळखी वाटेल. ते आहे इंटरनेटवर संघ करून खेळल्या जाणाऱ्या डावपेचांच्या खेळांचे. 'डोटा २' आणि 'लीग ऑफ लेजंड्स' हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. खेळाची रचना थोडक्यात अशी : दहा माणसे, बहुधा एकमेकांना कधीही न भेटलेली, पाच-पाचांच्या दोन संघांत वाटली जातात. प्रत्येक जण शंभराहून अधिक पात्रांतून एक पात्र निवडतो. अर्धा-पाऊण तास चढाई आणि बचाव चालतो, आणि एका बाजूच्या तळावरील मुख्य वास्तू कोसळली की सामना संपतो. त्यानंतर दहाही जणांच्या नावापुढचा एक आकडा बदलतो. जिंकलेल्या पाचांचा वर जातो, हरलेल्या पाचांचा खाली येतो.

निकाल एक, आणि तो संघाचा. आकडे मात्र दहा, आणि ते ज्याचे त्याचे. एका सामुदायिक घटनेतून दहा वैयक्तिक निवाडे कसे काढले जातात, आणि मुळात काढता येतात का, हा ह्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. नाटक, लोकगीत, अनुवाद, संपादन अशा अनेक हातांनी घडणाऱ्या गोष्टींचा अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न परका नाही. फरक एवढाच, की आपण तो निबंधांतून चर्चितो आणि ह्या खेळांना तो दर तासाला, लाखो माणसांसाठी, आकड्यांत सोडवून दाखवावा लागतो.

२

आकड्याच्या आधी नजर होती. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात जाणती माणसे दोन पैलवानांची अंगलट, वय आणि मागच्या कुस्त्या ध्यानात घेऊन 'तोडीस तोड' जोड लावतात. हे ज्ञान खरे असते, पण ते स्थानिक असते. ज्याने दोघांनाही पाहिले आहे त्यालाच जोड लावता येते. खेळाडू हजारोंनी वाढले, देशभर विखुरले आणि एकमेकांना अनोळखी झाले, की नजरेला दुसरे काहीतरी साधन द्यावे लागते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा साधनाचे गणित दोन वेगळ्या ठिकाणी तयार झाले. १९२७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी तुलनात्मक निर्णयाचा नियम मांडला. एखाद्या गोष्टीचे निरपेक्ष मोल सांगणे माणसाला जड जाते. पण समोर ठेवलेल्या दोन गोष्टींपैकी अधिक कोणती, हे तो बऱ्यापैकी सांगू शकतो. अशा पुष्कळ जोड्यांच्या उत्तरांतून सर्व गोष्टी एका मोजपट्टीवर मांडता येतात, असे थर्स्टन यांनी दाखवले. ही रीत त्यांनी गुन्ह्यांच्या गांभीर्यासारख्या, जिथे कोणतीही फूटपट्टी पोहोचत नाही अशा विषयाला लावून पाहिली. पुढे दोनच वर्षांनी, १९२९ साली, संच-सिद्धान्तामुळे ख्यातनाम झालेले जर्मन गणिती एर्न्स्ट झेर्मेलो यांनी बुद्धिबळ-स्पर्धेतील निकालांवरून खेळाडूंचे सापेक्ष बळ काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दोघांच्या विचाराचा गाभा एकच होता. बळ डोळ्यांना दिसत नाही, झुंजींचे निकाल तेवढे दिसतात. तेव्हा निकालांवरून मागे जात बळाचा अंदाज बांधायचा.

ह्या विचाराला सार्वजनिक संस्थेचे रूप दिले ते अर्पाद एलो यांनी. १९०३ साली हंगेरीत जन्मलेले एलो लहानपणीच अमेरिकेत आले. मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकवीत, आणि विस्कॉन्सिन राज्याचे बुद्धिबळ-विजेतेपद त्यांनी आठ वेळा मिळवले होते. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघात १९५० पासून केनेथ हार्कनेस यांनी आखलेली मानांकनाची पद्धत चालू होती. ती व्यवहारात उपयोगी होती, पण तिला संख्याशास्त्राचा भक्कम पाया नव्हता. एलो यांची पद्धत महासंघाने १९६० साली स्वीकारली आणि १९७० साली 'फिडे' ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेने. मराठी वृत्तपत्रांतून हे नाव कधीकधी 'ईएलओ' असे छापले जाते, जणू ती तीन इंग्रजी आद्याक्षरे असावीत. एका माणसाचे आडनाव एकक होऊन बसले, की ते माणसाचे होते ह्याचाच विसर पडतो.

३

एलो यांच्या पद्धतीतील कल्पना साधी आणि सुंदर आहे. प्रत्येक खेळाडूचा आकडा हे एक भाकीत असते. दोघांचे आकडे सारखे असतील तर प्रत्येकाकडून निम्म्या गुणाची अपेक्षा. एकाचा आकडा २०० ने अधिक असेल तर त्याच्याकडून सुमारे ०.७६ गुणाची अपेक्षा. ४०० ने अधिक असेल तर सुमारे ०.९१ ची. सामना झाल्यावर प्रत्यक्ष निकाल आणि अपेक्षा यांतला फरक काढायचा आणि त्या प्रमाणात आकडा हलवायचा. समजा, १६०० चा खेळाडू १४०० च्या खेळाडूशी खेळला आणि एका सामन्यावर जास्तीत जास्त २० अंक पणाला लागलेले आहेत. बलवान जिंकला तर त्याला जेमतेम ५ अंक मिळतील, कारण तो जिंकेल हे आपल्याला ठाऊकच होते. हरला तर त्याचे सुमारे १५ अंक जातील. जे एकाला मिळते तेच दुसऱ्याचे जाते. थोडक्यात, आकडा कर्तृत्वाचे बक्षीस देत नाही, तो आश्चर्याची नोंद करतो. अपेक्षेप्रमाणे घडले तर वहीत फारसे काही लिहायचे नसते.

ह्यातून दोन गोष्टी निघतात, आणि पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ त्या विसरण्यात आहे. एक, हा आकडा निव्वळ सापेक्ष आहे. १६०० म्हणजे किती, ह्या प्रश्नाला उत्तर नाही. १६०० म्हणजे कोणापेक्षा किती, एवढेच विचारता येते. दोन, हा आकडा ज्या वर्तुळात खेळ चालतो त्या वर्तुळापुरताच बोलतो. दुसऱ्या मुद्द्याचे एक विलक्षण उदाहरण इतिहासात नोंदले गेले आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या तुरुंगात क्लॉड ब्लडगुड नावाचा कैदी होता. तो सहकैद्यांशीच, म्हणजे जवळपास बंद वर्तुळात, हजारो मानांकित सामने खेळला. १९९६ साली त्याचे मानांकन २७०२ वर पोहोचले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर दिसू लागला. गणितात कुठेही चूक नव्हती. त्या भिंतींच्या आत तो आकडा खराच होता. भिंतीबाहेरच्या यादीत तो नेऊन ठेवला, तेव्हा त्याचा अर्थ हरवला.

आपल्या मापाविषयी एलो स्वतः सावध होते. हलत्या पाण्यावर खालीवर होणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर डोलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावी, अशा आशयाची उपमा त्यांनीच ह्या कामाला दिली होती. ही सावधगिरी गणितात उतरवली ती संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांनी. १९९५ साली मांडलेल्या त्यांच्या 'ग्लिको' पद्धतीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दोन आकडे असतात. एक बळाचा अंदाज, आणि दुसरा त्या अंदाजाविषयीच्या अनिश्चिततेचा. नवख्याविषयी अनिश्चितता मोठी असते आणि खेळागणिक ती कमी होते. बराच काळ न खेळलेल्या माणसाविषयी ती पुन्हा वाढत जाते. मूल्यमापनाच्या इतिहासात ही घटना मोलाची वाटते. परीक्षकाने विद्यार्थ्याविषयी निकाल देतानाच, 'हे मी कितपत खात्रीने म्हणतो आहे' हेही शेजारी लिहून ठेवावे, तसे हे झाले. आपल्या गुणपत्रिकांत असा रकाना अजून आलेला नाही.

४

इथवर समोरासमोर दोनच माणसे होती. जिंकला तो जिंकला, हरला तो हरला. १९९८ साली आलेल्या 'स्टारक्राफ्ट' ह्या खेळात खेळाडूंना स्वतःचे नकाशे तयार करण्याची सोय होती. त्यातून 'एऑन ऑफ स्ट्राइफ' नावाचा एक नकाशा निघाला, आणि त्याच्या प्रेरणेने २००३ साली 'वॉरक्राफ्ट ३' ह्या खेळासाठी 'डिफेन्स ऑफ द एन्शन्ट्स', म्हणजेच मूळचा 'डोटा', जन्मला. ही कोणत्याही कंपनीची निर्मिती नव्हती. हौशी मंडळींनी एकामागून एक हात फिरवून तो घडवला. २००९ साली 'लीग ऑफ लेजंड्स' आणि २०१३ साली 'डोटा २' हे त्याचे वारस बाजारात आले. ज्या खेळप्रकाराचा जन्मच अनेकांच्या निनावी कामातून झाला, त्याच प्रकारात व्यक्तीच्या श्रेयाचा प्रश्न सर्वांत तीव्र व्हावा, हा इतिहासातला एक योगायोग.

संघासाठी मानांकनाचे पहिले पूर्ण विचार केलेले उत्तर केंब्रिज येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनकेंद्रातून आले. राल्फ हर्ब्रिख, टॉम मिंका आणि थोरे ग्रेपेल यांनी तयार केलेली 'ट्रूस्किल' ही पद्धत २००५ साली 'एक्सबॉक्स ३६०' ह्या खेळयंत्रासोबत वापरात आली. तिच्यात प्रत्येक खेळाडूचा आरंभीचा अंदाज २५ आणि अनिश्चितता सुमारे ८.३३ धरली जाते. खेळाडूला दाखवायचा आकडा मात्र अंदाजातून अनिश्चिततेची तिप्पट वजा करून काढतात, म्हणून नवख्याला शून्य दिसते. हे शून्य त्याच्या नालायकीचे नसते, आपल्या अज्ञानाचे असते. पडद्यावर मात्र दोन्ही शून्ये सारखीच दिसतात.

ट्रूस्किलचे खरे धाडस पुढच्या पायरीवर आहे. संघाची कामगिरी म्हणजे त्यातील खेळाडूंच्या कामगिरीची बेरीज, असे ती गृहीत धरते. मग संघ जिंकल्यावर श्रेय वाटायचे कसे? तर ज्याच्याविषयी अनिश्चितता जास्त, त्याचा आकडा जास्त हलवायचा. चार मुरलेल्या खेळाडूंसोबत एक नवखा खेळला आणि संघ अनपेक्षितपणे जिंकला, तर वाढीचा मोठा वाटा नवख्याकडे जातो. त्याने अधिक काही केले म्हणून नव्हे. त्याच्याविषयी आपल्याला सर्वांत कमी माहीत होते म्हणून. हा तर्क संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण 'श्रेय' ह्या शब्दाचा आपण जो अर्थ करतो त्याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. इथे कृतीकडे कोणी पाहिलेलेच नसते.

सांघिक निकाल व्यक्तीविषयी किती कमी सांगतो, ह्याचाही अंदाज मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केला होता. समोरासमोरच्या खेळात एका खेळाडूचे बळ ओळखायला किमान १२ सामने पुरतात. चार-चारांच्या दोन संघांत तेच ओळखायला ४६ लागतात. आठ-आठांच्या संघांत ९१. कारण उघड आहे : 'जिंकलो की हरलो' ही माहिती तेवढीच, वाटेकरी मात्र वाढलेले.

आणि बेरजेचे गृहीतक? फ्रान्समधील कृषी-अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना एकेकटे आणि गटाने दोर ओढायला लावून जोर मोजला होता; ते निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. गट वाढला तसा माणशी जोर घटत गेला, आणि आठ जणांच्या गटात तो एकट्याच्या जोराच्या जवळजवळ निम्म्यावर आला. रस्सीखेचीसारख्या, जिथे सर्वांचे काम एकच आहे अशा खेळातही बेरीज जमत नाही. डोटासारख्या खेळात तर पाच जणांची कामे पाच तऱ्हांची असतात. दोन उत्तम खेळाडू एकत्र आल्यावर एकमेकांना खुलवतील की खुंटवतील, हे बेरजेला कळत नाही. ट्रूस्किलच्या कर्त्यांनी बेरीज निवडली ती गणित आटोक्यात राहावे म्हणून, आणि ते रास्तही होते. पण सोयीसाठी केलेले गृहीतक लाखो माणसांच्या रोजच्या अनुभवात उतरले, की ते हळूहळू वस्तुस्थितीचा वेष घेते.

५

साहजिकच एक पर्याय सुचतो. निकालाऐवजी प्रत्यक्ष कामगिरीच मोजली तर? संगणकाला तर प्रत्येक हालचाल ठाऊक असते. कोणी किती प्रतिस्पर्धी मारले, किती वेळा मेला, किती सोने जमवले, सगळ्याची नोंद असते.

हा पर्याय का फसतो, हे समजण्यासाठी संघातील कामांची वाटणी पाहिली पाहिजे. डोटात 'कॅरी' नावाची भूमिका असते. हा खेळाडू आरंभी दुबळा असतो. सोने जमवत तो वाढतो आणि अखेरीस संघाला विजयापर्यंत वाहून नेतो. 'सपोर्ट' ही दुसरी भूमिका. हा खेळाडू स्वतः गरीब राहतो, सोने कॅरीसाठी सोडतो, नकाशावर टेहळणीची साधने पेरतो, आणि वेळ आली तर कॅरीला वाचवण्यासाठी स्वतः मरतो. सामन्याअखेरच्या तक्त्यात त्याच्यापुढे थोडे बळी आणि पुष्कळ मृत्यू दिसतात. आपल्याकडे हे नाते संपादकाच्या उदाहरणाने चटकन समजेल. श्री. पु. भागवतांनी 'सत्यकथे'तून लेखकांच्या पिढ्या घडवल्या, पण लेखनाच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे किती पुस्तके लागली, एवढेच मोजणाऱ्याच्या हाती काय लागेल?

'हीरोज ऑफ द स्टॉर्म' हा २०१५ साली आलेला ब्लिझार्ड कंपनीचा खेळ ह्या बाबतीत उद्बोधक आहे. ह्या कुळातील सर्वांत सामुदायिक खेळ तोच. त्यात मिळणारा अनुभव सगळ्या संघाचा मिळून एकत्र जमा होतो. सोने नाही, वैयक्तिक श्रीमंती नाही. आणि नेमक्या ह्याच खेळात २०१७ च्या डिसेंबरमध्ये वैयक्तिक कामगिरीनुसार मानांकन कमीजास्त करण्याची पद्धत आणली गेली. तेच पात्र, त्याच पातळीवर खेळणाऱ्या इतरांच्या आकडेवारीशी तुमची आकडेवारी ताडून पाहायची, अशी तिची रचना होती. पद्धत कल्पक होती, तरी काही महिन्यांतच ती थांबवावी लागली. संघाला गरज कशाची आहे हे सोडून तक्त्यात काय चांगले दिसेल ते करण्याचा मोह, ही तिच्यावरची मुख्य तक्रार.

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण नोंदवले, त्याचा सामान्य आशय असा की मापालाच उद्दिष्ट केले की ते चांगले माप राहत नाही. मानांकनाच्या इतिहासात त्याची प्रचीती पुन्हापुन्हा येते. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या 'ट्रूस्किल २' मध्ये बळी, मृत्यू, अर्ध्यावर सामना सोडण्याची सवय, मित्रांसोबत खेळणे अशा गोष्टी हिशेबात घेतल्या. 'हेलो ५' ह्या गोळीबाराच्या सांघिक खेळातील जुन्या सामन्यांवर पडताळले असता निकालाचे भाकीत ५२ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले. सुधारणा मोठी आहे. पण ५२ हा आकडाही नजरेआड करू नये. नाणे उडवून ५० टक्के मिळतात.

६

आता ह्या आकड्याच्या सामाजिक जीवनाकडे वळू. २०१३ हे वर्ष इथे लक्षणीय आहे. त्या वर्षाच्या आरंभी 'लीग ऑफ लेजंड्स'ने खेळाडूंचा एलो-आकडा पडद्यामागे नेला आणि पुढे पायऱ्या मांडल्या : कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम, हिरा आणि त्यावर 'चॅलेंजर'. प्रत्यक्ष जोड्या मात्र लपवलेल्या आकड्यावरूनच लागत राहिल्या. म्हणजे वह्या दोन झाल्या, एक दाखवायची आणि एक चालवायची. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'डोटा २'ने नेमके उलट केले. तोवर आत दडलेला आकडा खेळाडूंसमोर मांडला. पुढे २०१७ साली तिथेही पदके आली, आणि २०२३ साली हिशेबाची पद्धत बदलून ग्लिको आणली गेली. त्यासोबत आपल्या मानांकनाची खात्री किती, हेही खेळाडूला दिसू लागले. एलो यांची सावधगिरी साठ वर्षांनी पडद्यावर आली म्हणायची.

धातूंची नावे दिल्यावर आकडा ओळख होतो. 'माझे मानांकन सध्या अमुक आहे' ह्याचे 'मी सुवर्ण आहे' असे होते. क्रियापदाच्या ह्या छोट्या बदलात बरेच काही घडून जाते. 'आहे'च्या आधी मोजमाप असते तेव्हा ते उद्या बदलू शकते. 'आहे'च्या आधी नाव आले की ते अंगाला चिकटते. वरच्या पायरीवरचा खालच्याला त्याच्या धातूच्या नावाने हिणवतो, आणि त्या भाषेत उतरंडीची सारी जुनी लक्षणे दिसतात.

ह्या उतरंडीने एक मिथकही जन्माला घातले, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्याचे नाव 'एलो हेल', म्हणजे एलोचा नरक. कथानक ठरलेले. सांगणारा गुणी आहे, पण खालच्या पायरीवर त्याला इतके वाईट सहकारी मिळतात की त्याचा गुण वर येऊच शकत नाही. गणिती उत्तर तयार असते : सहकारी चार आणि प्रतिस्पर्धी पाच, दोन्हीकडे नशिबाने येणारे, सतत हजर असतो तो फक्त तुम्ही. वाईट माणसे उलट प्रतिस्पर्ध्यांत येण्याचाच संभव अधिक. तेव्हा दीर्घकाळात तुमचा गुण वर येईलच.

उत्तर बरोबर आहे. प्रश्न 'दीर्घकाळ' ह्या शब्दात आहे. समजा, एखाद्याच्या असण्याने संघाची जिंकण्याची शक्यता ५० वरून ५३ टक्के होते. हा फरक नशिबाच्या चढउतारापासून संख्याशास्त्राला रुचेल इतक्या खात्रीने वेगळा काढायला सुमारे एक हजार सामने लागतील. सामना चाळीस मिनिटांचा धरला तर हे जवळजवळ सातशे तास झाले. म्हणजे तक्रार करणारा दीर्घकाळाविषयी चुकतो, पण आज रात्रीच्या पाच सामन्यांविषयी त्याचे म्हणणे खोटे नसते. माणूस जगतो ते आज रात्रीच्या सामन्यांत. शिवाय जोडी जितकी अचूक लागेल तितका प्रत्येकाचा निकाल निम्म्या जयाकडे आणि निम्म्या पराजयाकडे सरकतो. ह्या व्यवस्थेचे यश म्हणजे खेळणाऱ्याचे अर्धे पराभव. असे यश ज्याच्या वाट्याला येते तो त्यामागे कोणाचा तरी हात शोधू लागला, तर नवल नाही. एलोचा नरक ही गणिताची चूक असेल. सामुदायिक पराभवाचे वैयक्तिक ओझे वाहणाऱ्याची कथा म्हणून मात्र ती अगदी प्रामाणिक आहे.

दुसरीकडे, आकड्यापासून पळणारेही आहेत. वरच्या पायरीवरचे काही खेळाडू नवे खाते उघडून नवख्यांत जाऊन बसतात. त्यांना 'स्मर्फ' म्हणतात. बेल्जियन चित्रकथांतील इवल्याशा निळ्या जीवांचे हे नाव. १९९० च्या दशकात 'वॉरक्राफ्ट २' मधील निष्णात खेळाडूंनी ओळख लपवण्यासाठी ह्या पात्रांची नावे घेतली आणि तिथून ते रूढ झाले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये 'डोटा २' चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने अशी ९०,००० खाती बंद केल्याचे जाहीर केले. टोपणनावाने लिहिण्याची परंपरा आपल्याला ठाऊक आहे; तिथे लेखक नावाच्या ओझ्यातून सुटका शोधतो. स्मर्फलाही सुटकाच हवी असते, पण त्याची किंमत समोरच्या खऱ्या नवख्याला मोजावी लागते. नव्या खात्यापुढचे अज्ञानाचे शून्य हाच त्याचा बुरखा.

७

हा इतिहास खेळांपुरता राहिला असता तर त्याची इतकी दखल घेण्याचे कारण नव्हते. पण थर्स्टन आणि एलो यांचे गणित आता लेखनाच्या दारात आले आहे. इंग्लंडमधील काही शाळांत मुलांचे निबंध गुण देऊन तपासण्याऐवजी शिक्षकांपुढे दोन-दोन ठेवले जातात. अधिक चांगला कोणता, एवढेच विचारले जाते. आणि अशा असंख्य जोड्यांतून प्रत्येक निबंधाचे स्थान ठरते. २०२३ साली अमेरिकेतील बर्कली येथील संशोधकांनी लेखन करणाऱ्या संगणकीय भाषा-प्रारूपांची तुलना सुरू केली, तीही ह्याच रीतीने. वाचकापुढे दोन निनावी उत्तरे ठेवायची, त्याने एक निवडायचे, आणि निवडीतून एलोसारखे आकडे काढायचे. दोन लेखनांची झुंज लावता येते आणि तिच्यातून मोजपट्टी तयार होते, हे आता कल्पनेतले राहिलेले नाही.

ह्या रीतीला नाक मुरडण्याचे कारण नाही. एकट्या परीक्षकाच्या लहरीपेक्षा अनेकांच्या तुलनांतून आलेला अंदाज पुष्कळदा अधिक न्याय्य असतो. परंतु मानांकनाच्या ह्या शतकभराच्या वाटचालीने काही प्रश्न आपल्या हाती ठेवले आहेत आणि ते प्रत्येक आकड्याला विचारले पाहिजेत. हा आकडा कोणत्या वर्तुळातला आहे? ब्लडगुडच्या तुरुंगासारख्या भिंती त्याभोवती आहेत का? त्याच्यासोबत अनिश्चितता लिहिली आहे का? काम एकट्याचे होते की अनेकांचे, आणि अनेकांचे असल्यास बेरीज कोणत्या गृहीतकावर केली? तक्त्यात न दिसणारे काम कोण करत होते?

एलो यांनी आकडा बनवला तो एका मर्यादित कामासाठी : दोन अनोळखी माणसांची तोडीस तोड जोड लागावी. ते काम तो आजही उत्तम करतो. आपल्याहून फार बलवान माणसासमोर बसून चिरडले जाण्यापासून त्याने कोट्यवधी नवख्यांना वाचवले आहे, आणि हे उपकार लहान नाहीत. बिघाड होतो तो जोड लावून झाल्यावरही आकडा नावाला चिकटून राहतो तेव्हा. परीक्षेचे गुण पुढच्या वर्गात कोणाला बसवावे हे ठरवण्यासाठी असतात. ते माणसाचा गुण सांगू लागले की शिक्षकाचे काम सुरू होते. पाच जणांनी जिंकलेल्या सामन्यात टेहळणी कोणी केली, हे तक्ता सांगत नाही. सामना पाहिलेल्या माणसाने ते सांगायचे असते. समीक्षक हा असा सामना पाहिलेला माणूस असतो, आणि ही साक्ष आकड्यांच्या काळातही त्यालाच द्यावी लागणार आहे.